नाव काढलं

न्यूलिनच्या चॅपलमध्ये पितळ घासायचा वार शुक्रवार.
बंदरावरचा मासळीचा वास जिना चढून वर येतो,
खिडक्यांना मीठ धरलेलं असतं,
आणि मी, ट्रुरोच्या इस्पितळातली रिटायर नर्स,
मूळची नगरची, लोंढे उपदेशकांची नात,
फडक्याला पॉलिश लावून
कुणा जुन्या जहाजमालकाची पाटी घासते.

हे छप्पर त्याच्या पैशातून झालं म्हणतात.
नाव मात्र वाचता येत नाही.
शंभर वर्षं दर शुक्रवारी कुणी ना कुणी
ते चकचकीत ठेवलं,
ठेवता ठेवता पुसलं.
'कृतज्ञतापूर्वक' एवढं उरलंय.
कुणाबद्दल, ते पाटीलाही आठवत नाही.

काल कमिटी बसली. चहा, बिस्किटं आणि एकच विषय:
पाळकसाहेबांचं काय करायचं?
डेन्झिल नॅनकिव्हल. एकतीस वर्षं याच पुलपिटावर.
नोव्हेंबरात गेले.
मिसेस टोन्किन म्हणाल्या, संगमरवर.
खजिनदार जेगो म्हणाले, पितळ स्वस्त पडेल.
कुणीतरी म्हणालं, हॉललाच त्यांचं नाव देऊ या,
तेवढ्यात रेडिएटर खाकरला
आणि सगळे हसले,
कारण तो फक्त त्यांचंच ऐकायचा.

साहेब म्हणजे काय, त्यांनी मला एकदा विचारलं होतं.
मी सांगितलं. जरा वेळ गप्प.
मग म्हणाले, पाळक राहू दे, पुढचं गाळ.
नाही जमलं मला.
पाळकाला साहेब म्हटलं नसतं
तर आजोबांनी कान पिळला असता.
आजोबांना स्वतःला मात्र कुणी साहेब म्हटलं नाही.
सायकलवरून गावोगाव शुभवर्तमान नेलं त्यांनी,
थडग्यावर चुन्यानं लिहिलेलं नाव
दोन पावसाळेही टिकलं नाही.

खोटं कशाला सांगू, पाळकसाहेब काही संत नव्हते.
सर्किटच्या मासिकात एकदा त्यांच्या नावातलं
एक अक्षर गळलं,
तर दोन दिवस धुमसत होते.
तिसऱ्या दिवशी आपणहून आले,
"सगुणा, बघ ना, या वयात! एका अक्षरासाठी!"
आणि बादली उचलून संडास धुवायला गेले.
ते प्रायश्चित्त होतं की नुसती गुरुवारची पाळी,
मी विचारलं नाही.

त्यांचं कपाट मीच आवरलं.
उपदेशांचे कागद नव्हतेच. शेगडी पेटवायला गेले म्हणे.
एक वही सापडली, तेलाचे डाग पडलेली.

बॉयलरची किल्ली डावीकडे, मग थोडं थांबणे.
मिसेस पास्को: साखर नको. मुलाचा विषय नको.
बोट परतली नाही ती तारीख, १९. त्या पहाटे दार उघडं ठेवणे. कुणी येईलच असं नाही.
सगुणा: उंच सूर जात नाही. ऑर्गन एक स्वर खाली.
तिला सांगू नये.

बावीस वर्षं मी समजत होते,
माझा आवाज सुधारला.

वही मिटली. परत उघडली.
'तिला सांगू नये'खाली रेघ मारलेली होती.

कमिटीत मला मत विचारलं,
तर मी आमच्या भाषेतली गंमत सांगायला गेले.
म्हटलं, आमच्याकडे पोरानं नाव काढलं म्हणजे
घराण्याची मान उंच केली,
आणि पाटीवरनं नाव काढलं म्हणजे पुसून टाकलं.
शब्द तेच दोन.
इंग्रजीत ते काही उतरेना.
सगळे माझ्याकडे प्रेमानं बघत राहिले,
आणि जेगोंनी इतिवृत्तात लिहिलं:
सगुणाबाईंचं पितळेला अनुमोदन.

तर पाटी लागेल, ईस्टरनंतर.
अक्षरं सगळी बरोबर आहेत, मी स्वतः मोजली.
शुक्रवारी घासायला मीच असेन.
हात अजून बरे आहेत.
चांगला जोर लावीन.